वामनमामांची सुई

‘आई कशी आहे?’ असं कुणी विचारल्यावर दोन-तीन शब्दांपेक्षा मोठं उत्तर तुम्ही शेवटचं कधी दिलंत?

‘बरी आहे.’ ‘आहे तशीच.’ ‘वय झालं आता.’ आपण सगळे हेच म्हणतो, मीही म्हणते. असं न म्हणणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि म्हणूनच आमच्या गल्लीत त्याला कुणी काही विचारायला जात नाही.

वामनमामांना तुम्ही ‘कसे आहात?’ म्हणालात, तर ते चालता चालता थांबतात, छत्रीचं टोक जमिनीत रोवतात आणि विचारतात, “कशानुसार?”

“म्हणजे?”

“म्हणजे गुडघ्यानुसार, झोपेनुसार की वारानुसार? सोमवारी गुडघा बरा असतो, झोप नसते. गुरुवारी उलटं. तू कोणतं विचारतेस?”

आमचा पोस्टमन त्यांना लांबून पाहिलं की रस्ता ओलांडतो. भाजीवाली मात्र पळू शकत नाही, तिची गाडी जड आहे. “वांगी आज बरी नाहीत, स्वामी,” असं ती एकदा चुकून म्हणाली. मामांनी कशानुसार विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही हात लावलात त्यानुसार. आधी बरी होती.”

मामा माझे सख्खे कुणी नव्हेत. म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमला आमची घरं शेजारी आणि माझी आई त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून ते मामा. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत आकडेवारीच्या विभागात त्यांनी नोकरी केली. रोज सायकलनं जायचे. तालुका, पीक आणि वर्ष यांचे तक्ते करता करता त्यांच्या मनात एक तक्रार साचत गेली. कागदाला दोनच बाजू असतात, एक आडवी आणि एक उभी. जगाला बाजू जास्त असतात. मग उरलेल्या बाजू कुठे लिहायच्या?

उपाय त्यांना कचेरीतल्याच एका जुन्या पद्धतीत सापडला. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यायचा, पोस्टकार्डाएवढा कापायचा आणि त्याच्या चारी कडांना भोकं पाडायची. प्रत्येक भोकाचा अर्थ ठरलेला. हे भोक सकाळचं, हे दुपारचं, हे म्हाताऱ्यांचं, हे तरुणांचं. जे लागू असेल त्या भोकाची कड कात्रीनं कापायची, म्हणजे भोकाची खाच होते. असा शे-दोनशे कार्डांचा गठ्ठा उभा धरायचा, एका भोकातून स्वेटर विणायची सुई आरपार घालायची आणि वर उचलायची. खाच असलेली कार्डं टपटप खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात. पडलेली उचलून पुन्हा दुसऱ्या भोकातून सुई. दुपारच्यांतून म्हातारे पडतात, म्हाताऱ्यांतून मागच्या गल्लीतले पडतात. चार वेळा सुई घातली की हातात जी तीन-चार कार्डं उरतात, त्यांच्यावर खरी गोष्ट लिहिलेली असते, असं मामांचं मत.

“पडतं ते उत्तर,” ते म्हणतात. “लटकतं ते नुसतं मत.”

आमच्यात लग्नं पुष्कळ होतात, त्यामुळे मामांना पत्रिकांची टंचाई कधी भासली नाही. एखादं लग्न मोडलं तरी पत्रिका ते परत करत नाहीत.

माझं आणि त्यांचं आधी बरं नव्हतं. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील ती वाटायचे, मी त्यांवरून अक्षरं शिकले. त्यामुळे जे खरं आहे ते एका ओळीत मावतं आणि ती ओळ जाड ठशात छापावी, असं मला आजही वाटतं. एकादशीच्या भजनाला माणसं येईनाशी झाली, तेव्हा विठ्ठल मंदिराच्या मंडळानं मला पत्रक लिहायला सांगितलं. मी लिहिलं. मथळा होता, ‘विठ्ठला, तुझी लेकरं कुठे गेली?’ खाली मी मोबाईल, इंग्रजी शाळा, बेंगळुरूच्या नोकऱ्या आणि आमच्या पिढीची कोरडी मनं या सगळ्यांना झोडपून काढलं. पाचशे प्रती छापून आल्या.

त्या दिवशी मामा तांबडी पेन्सिल घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

“भक्ती आटली म्हणून लिहिलंस, अल्वा, हो ना? कशानुसार?”

“मामा, सभामंडप रिकामा असतो. डोळ्यांना दिसतं ते.”

“रिकामा म्हणजे बेरीज. बेरीज म्हणजे झाकण गे. डब्यात काय आहे ते झाकणाला विचारून कळत नाही.”

गेल्या कित्येक एकादश्या ते मंडपाच्या दारात बसून कार्डं कापत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माझ्यासमोर सुई घातली. तरुण गळाले म्हणावं, तर ते आधीही येत नव्हते. गल्लीनुसार पाहिलं, तर सगळ्या गल्ल्यांतले गळाले होते. वयानुसार पाहिलं, तर साठीच्या पुढचे धडाधड पडले. आणि तेच लोक उत्सवाच्या जेवणाला मात्र एकूण एक हजर होते. जेवायला खुर्च्या असतात. भजनाच्या मंडपातली जुनी बाकं काढून मंडळानं नवीन गालिचा घातला होता, आणि गळती त्याच महिन्यापासूनची होती.

“भक्ती नाही गे,” मामा म्हणाले. “गुडघे.”

आठ खुर्च्या आल्या. पुढच्या एकादशीला आठही भरल्या आणि आठव्या खुर्चीवरून दोन आजोबांचं वाजलं. पखवाजवाले म्हणाले, चमत्कार आहे. मामांनी त्यांना कशानुसार विचारलं आणि ते उत्तर देईपर्यंत आरती थांबवून धरली. माझी पाचशे पत्रकं घरी पडून राहिली. मामा ती सगळी मागून घेऊन गेले, कारण त्यांची पाठ कोरी होती.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांच्या खोलीत बुटांच्या खोक्यांत अशीच कार्डं आहेत: करंट कधी जातो, कावळे कुठे बसतात, मला कोणत्या महिन्यात राग येतो. शेवटचं खोकं मला आवडत नाही. एक हिरवा बिस्किटांचा डबा मात्र कपाटावर असायचा. त्यावर नुसतं ‘गो’ लिहिलेलं. त्याला हात लावला की म्हणायचे, “बेडा, नको, ठेव तो.”

आणखी एक गोष्ट मला समजत नव्हती. रोज चारला मामा घराबाहेर येऊन कट्ट्यावर बसायचे, पाचला उठायचे. छत्री मांडीवर, घड्याळ हातात. स्कूटर मोजतात, असं गल्लीचं म्हणणं होतं. मी एकदा विचारलं, “काय मोजताय मामा?”

“काही नाही. बसलोय.”

मामा काही न मोजता बसलेत, याचीच मला भीती वाटली.

गोदामामी त्या वेळी आत असायच्या. एके काळी निम्म्या जयलक्ष्मीपुरमचे ब्लाउज त्यांनी शिवले. गेली दोन वर्षं त्या विसरत चालल्या आहेत. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग दुपार आहे की सकाळ ते. सकाळी हिनकलहून मंजुळा येते, त्यांना न्हाऊ-खाऊ घालते, खूप मायेनं कन्नडमध्ये बोलते. मामी तिच्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघतात. ‘मामी कशा आहेत?’ असं कुणी मला विचारलं, की मी म्हणायचे, ‘आहेत तशाच.’

मग एका शुक्रवारी रवी आला.

रवी त्यांचा एकुलता मुलगा, बेंगळुरूला असतो. त्याची कंपनी दुकानांच्या विक्रीचा हिशोब लावते. कोणता साबण, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयाच्या बाईनं घेतला, हे सगळं तो पडद्यावर हवं तसं कापतो, फिरवतो, गावावरून गल्लीपर्यंत खाली उतरतो. थोडक्यात, बापाचीच सुई, फक्त बोटाखाली. पण त्या दिवशी त्याच्या हातात एकच कागद होता. डॉक्टरांनी मामींची स्मरणाची परीक्षा घेतली होती, तीस गुणांची. पहिल्या वेळी एकवीस मिळाले, मग सोळा, आता अकरा.

“बेंगळुरूला चांगली जागा बघितलीये बाबा,” तो म्हणाला. “नर्स आहेत, बाग आहे. रविवारी तीनला गाडी येईल.”

“कशानुसार?” मामांनी विचारलं. इतक्या हळू त्यांनी तो शब्द उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता.

“आकड्यानुसार. तुम्हीच शिकवलंत ना.”

रवीला वाईट म्हणायला मी तयार होते. पत्रकाची पहिली ओळही मनात तयार झाली होती. मग तो फाटकाशी मला म्हणाला, “सकाळी फोन वाजला की आधी नंबर बघतो, मेघा. बाबांचा नंबर दिसला की उचलायच्या आधी मी खाली बसून घेतो.” ती ओळ मी खोडली.

शनिवारी सकाळी मामांनी मला हाक मारली. हिरवा डबा टेबलावर उघडा होता. आत चारशेवर कार्डं. हातातली सुई त्यांनी माझ्यापुढे धरली.

“तू घाल,” ते म्हणाले.

‘गो’ म्हणजे गोदावरी. दोन वर्षांत मामींनी जेव्हा जेव्हा कुणाला ओळखलं किंवा ओळखलं नाही, तेव्हा तेव्हा मामांनी स्वतः बघून, खिडकीतून ऐकून किंवा निघणाऱ्यांना विचारून एक कार्ड कापलं होतं. वेळेची भोकं, खोलीची भोकं, समोर कोण होतं त्याची भोकं, हातात काय होतं त्याची. भाषेची तीन होती: मराठी, कन्नड, खिचडी. “आपल्या घरात बहुतेक तिसऱ्यातच पडतं,” मामा म्हणाले. एक कोपऱ्यातलं भोक होतं, ‘ओळखलं’.

मी ‘ओळखलं’मधून सुई घालून उचलली. टपटप कार्डं पडली, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच. ती उचलून ‘सकाळ’मधून घातली. जेमतेम दोन पडली. ‘कन्नड’मधून घातली, एकही नाही. मग ‘चारनंतर’ घातली, आणि गठ्ठाच्या गठ्ठा खाली आला. त्यातून ‘मराठी’ आणि ‘खिचडी’. मग ‘हातात कापड’. साठेक कार्डं शेवटपर्यंत पडतच राहिली. चारनंतर, हातात टाका घालायला काहीतरी, आणि समोर आपल्या बोलीत बोलणारं माणूस असलं, की गोदामामी बहुतेक वेळा गोदामामी होत्या.

“परीक्षा कधी झाली होती?” मी विचारलं.

“सकाळी अकराला. दवाखान्यात. कन्नड आणि इंग्रजीत. हात रिकामे.” मामांनी कार्डं माझ्यासमोर सारली. “आता महिन्यानुसार घाल.”

“नको मामा.”

“घाल.”

घातली. दर महिन्याचा ढीग आधीच्यापेक्षा थोडा लहान होता. कागदावरच्या गुणांसारखी ती घसरण नव्हती, पण होती. मामांनी ढीग मोजले आणि पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर तक्ता लिहायला घेतला.

एक कड राहिली होती, ‘समोर कोण’. मी सुई घालत गेले. मी पडले, मागच्या गल्लीतल्या सरस्वतीअक्का पडल्या, एकदा तर रेशनकार्डाची चौकशी करायला आलेला माणूसही पडला, मामींनी त्याला त्याच्या आजीच्या नावावरून ओळखलं होतं. मग मी ‘मी’ असं लिहिलेल्या भोकातून सुई घातली. म्हणजे मामा.

काहीच पडलं नाही.

गठ्ठा हलवला. मला वाटलं, कार्डं चिकटली असतील.

“चिकटलेली नाहीत,” मामा म्हणाले. “ती मला ओळखत नाही. परका माणूस घरात बसलाय म्हणून घाबरते. मी आत असलो की तुझ्याशीही धड बोलत नाही. म्हणून चारला बाहेर बसतो. तिचा चांगला तास कशाला घालवायचा?”

मग मी माझ्या सवयीनं बोलले. “मामा, ही बाजू तक्त्यात नको. रवी उद्या हाच रकाना धरून बसेल. म्हणेल, तुम्हाला ओळखतच नाही, तर इथे ठेवायची कशाला?”

मामा माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. “पत्रकं लिहून लिहून तुला खोड लागलीये. आपल्याला हवी ती बाजू छापायची. मग त्या डॉक्टरच्या आकड्यात आणि तुझ्यात फरक काय गे?”

मी पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी तो रकाना स्वतःच्या हातानं लिहिला. अक्षर वाकडं आलं, पण लिहिला.

रविवारी गाडी पावणेतीनलाच आली. मामींची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. ड्रायव्हर फाटकाशी उभा राहून घड्याळ बघत होता, मामा घड्याळ बघत होते, मीही. रवी टेबलाशी बसून तक्ता वाचत होता. तो भराभर वाचतो, त्याचं कामच ते. सवयीनं पहिला आक्षेपही त्यानं कामातलाच घेतला.

“बाबा, सँपल फार लहान आहे.”

“हौदु, आहे लहान,” मामा म्हणाले. “आई एकच आहे.”

रवीचं बोट खाली सरकत गेलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबलं. त्यानं वर पाहिलं. “हे तुमचं?”

“माझं.”

“म्हणून तुम्ही कट्ट्यावर…”

“चार ते पाच.”

त्यानं कागद उलटा केला. कशाला केला ते त्यालाच माहीत, बहुधा बापाकडे बघायला लागू नये म्हणून. मागे माझं पत्रक होतं, जाड ठशातला मथळा: ‘विठ्ठला, तुझी लेकरं कुठे गेली?’ तो ती ओळ वाचत राहिला. मला ते पत्रक लिहिल्याची पहिल्यांदा लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही.

“एक महिना,” रवी शेवटी म्हणाला. “रोज चारला कुणीतरी येऊन आईशी आपल्या भाषेत बोललं पाहिजे. रोज, बाबा. तक्ता तसंच म्हणतोय. माणसं मिळाली तर ती इथेच राहील. नाही मिळाली तर गाडी पुन्हा येईल.”

ड्रायव्हरला चहा देऊन परत पाठवलं. चार वाजले. मामा छत्री घेऊन बाहेर गेले. मी माझ्या कुर्त्याचं तुटलेलं बटण घेऊन मामींसमोर बसले. त्यांनी सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवला, जो मला चष्मा लावूनही जमत नाही.

“मेघा, अशी वाळलीस का गे? साकु, पुरे झालं ते लिहिणं, जेवत जा की.”

माझं लिहिणं त्यांच्या लक्षात होतं. त्या टाके घालत राहिल्या. मग खिडकीतून त्यांचं लक्ष बाहेर गेलं.

“ते म्हातारे रोज तिथे बसतात,” त्या हळूच म्हणाल्या. “छत्री घेऊन. त्यांना घर नाही का गे?”

“आहे मामी.”

“मग बाहेर कशाला बसतात बिचारे? जा, त्यांना चहा नेऊन दे. साखर कमी घाल, या वयात बरी नाही. आमचे हेसुद्धा कमीच घेतात. आता येतीलच ते, नजरबादहून सायकल हाणत.”

मी चहा घेऊन कट्ट्यावर गेले. मामांना सांगितलं, मामींनी पाठवलाय. काय म्हणाल्या तेही सांगितलं, शब्द न् शब्द, बिचारे धरून. मामांनी घोट घेतला. मग खिशातून एक कोरं कार्ड आणि कात्री काढली. चारनंतरची खाच कापली, खिचडीची कापली, हातात कापडाची कापली. ‘समोर कोण’च्या कडेवर आल्यावर कात्री थांबली. ‘ओळखलं’च्या भोकाशी नेली, परत आणली. ते कार्ड अजून अर्धंच कापलेलं आहे. त्यांच्या खिशात असतं.

त्या महिन्यातले अकरा दिवस गेले. सोमवार, मंगळवार, शुक्रवार मी आणि सरस्वतीअक्का वाटून घेतो. गुरुवारी भजनातल्या खुर्च्यांवरच्या दोन आजी येतात, रविवारी रवी स्वतः. बुधवार आणि शनिवार रिकामे आहेत. तरुण पोरांना विचारलं, तर म्हणतात, आमचं मराठी मोडकं आहे. मोडकं चालतं. त्यासाठी भोक आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या, म्हैसुरातल्या तुम्हाला माझं सांगणं आहे, आणि या वेळी ते जाड ठशात नाही. येत्या बुधवारी किंवा शनिवारी चारला जयलक्ष्मीपुरमला या. ज्या कट्ट्यावर छत्री घेऊन एक म्हातारे बसलेले दिसतील, ते घर. येताना तुटकं बटण, उसवलेली शिवण, काहीही आणा. आत जाऊन तासभर बोला. आणि निघताना त्यांच्याजवळ दोन मिनिटं थांबा. ते विचारतील, “कशी आहे?” ‘बरी आहे’ म्हणून निघून जाऊ नका. मामी काय काय बोलल्या ते सगळं त्यांना सांगा.